जंतू सापडत नाही तेव्हा

रोग कशामुळे होतो, असा प्रश्न आठवीच्या वर्गात विचारला की बहुतेक हात वर होतात आणि एकच उत्तर येते : जंतूंमुळे. उत्तर चुकीचे नाही. पटकी, क्षय, विषमज्वर, घटसर्प ही नावे मुलांच्या तोंडपाठ असतात. प्रत्येकाचा जंतू कोणता, तो कसा पसरतो, त्यावर लस आहे का, असा तक्ताही आपण फळ्यावर काढून देतो. पण मग मागच्या बाकावरून एखादा मुलगा विचारतो, "सर, माझ्या आजोबांना हार्ट अ‍ॅटॅक आला होता. त्याचा जंतू कोणता?"

अशा वेळी आपण 'तो रोग वेगळा' असे म्हणून पुढे जातो. पण हाच प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यावर जगातल्या सर्वांत श्रीमंत देशांपुढे उभा होता, आणि तिथल्या डॉक्टरांनाही त्याचे उत्तर देता येत नव्हते. ते कसे शोधले गेले, त्याचा उपयोग कसा झाला आणि अजून काय उरले आहे, हा इतिहास आपण या लेखात पाहू.

मृत्यूची कारणे बदलली

२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. त्यानंतरची तीस-चाळीस वर्षे म्हणजे जंतुशास्त्राचा सुवर्णकाळच होता. एक रोग, त्याचा एक जंतू, त्यावर एक उपाय, अशी विचाराची चौकट पक्की झाली. तिला यशही मोठे आले.

अमेरिकेचे उदाहरण घेऊ. १९०० साली तिथे मृत्यूची पहिली तीन कारणे होती न्यूमोनिया व फ्लू, क्षय आणि हगवण-अतिसारासारखे आतड्यांचे रोग. एकूण मृत्यूंपैकी जवळजवळ एक तृतीयांश मृत्यू या तिघांमुळे होत. नवजात मुलाचे सरासरी आयुर्मान होते ४७ वर्षे. पुढच्या पन्नास वर्षांत शुद्ध पाणी, गटारे, बरी घरे, पुरेसे अन्न, लसी आणि शेवटी प्रतिजैविके आली. हे तिन्ही रोग मागे हटले. त्यांची जागा हृदयविकार, कर्करोग आणि पक्षाघात यांनी घेतली.

आता कोणी म्हणेल, यात नवल काय? माणसे लहानपणी मरेनाशी झाली, म्हातारी होऊ लागली. म्हातारपणी कशाने तरी मृत्यू येणारच. हे अर्धे खरे आहे. पण या देशांत चाळिशी-पन्नाशीतले धडधाकट दिसणारे पुरुषही अचानक छातीत कळ येऊन कोसळत होते. हे काही म्हातारपण नव्हे.

त्या काळच्या वैद्यकाची समजूत कशी होती, हे एका प्रसिद्ध रुग्णावरून कळते. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ इतका नोंदला गेला. आज प्राथमिक आरोग्य केंद्रातली परिचारिकाही हा आकडा पाहून रुग्णाला लगेच डॉक्टरांकडे पाठवील. पण वयाबरोबर रक्तदाब वाढायचाच, असे तेव्हा सर्रास मानले जाई. अरुंद झालेल्या रोहिण्यांतून रक्त पुढे ढकलायला जास्त दाब आवश्यकच असतो, असेही अनेकांचे मत होते. शिवाय रक्तदाब खात्रीने उतरवणारे सोयीचे औषधही तेव्हा नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने गेले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० होता.

निरोगी माणसांवर लक्ष

जून १९४८ मध्ये अमेरिकेत हृदयरोगाच्या संशोधनासाठी कायदा झाला, आणि त्याच वर्षी बॉस्टनच्या पश्चिमेला सुमारे ३२ किलोमीटरवर असलेल्या फ्रेमिंगहॅम या गावात एक अभ्यास सुरू झाला. या गावाला अशा कामाची सवय होती. तीस वर्षांपूर्वी क्षयरोगावरचा एक मोठा प्रकल्पही इथेच झाला होता. म्हणजे जुन्या रोगाचे आणि नव्या रोगाचे, दोन्ही अभ्यास एकाच गावात झाले. पद्धत मात्र पूर्ण निराळी होती.

क्षयाचा शोध रुग्णापासून सुरू होतो. त्याची थुंकी तपासायची, जंतू पाहायचा. हृदयविकारात रुग्णापासून सुरुवात करून फारसे हाती लागत नाही, कारण रोग दिसू लागतो तेव्हा तो वीस-तीस वर्षे जुना झालेला असतो. हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांच्या भिंतींत चरबीयुक्त पदार्थ हळूहळू साचत जातो. माणसाला काहीच जाणवत नाही. एके दिवशी साचलेल्या थराचे आवरण फाटते, तिथे रक्ताची गुठळी होते, स्नायूचा रक्तपुरवठा बंद पडतो. त्या दिवशी आपण म्हणतो, 'झटका आला'. म्हणून फ्रेमिंगहॅमच्या संशोधकांनी रोग व्हायच्या आधीच माणसे गाठायचे ठरवले. ३० ते ६२ वयाच्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंद झाली. दर दोन वर्षांनी रक्तदाब, वजन, रक्तातील कोलेस्टेरॉल, हृदयाचा आलेख आणि धूम्रपानाची माहिती घ्यायची, आणि वाट पाहायची. कोणाला झटका येतो, कोणाला येत नाही, आणि दोघांच्या जुन्या नोंदींत फरक काय?

या कामाला फार धीर लागतो. पहिली काही वर्षे सांगण्यासारखे काहीच हाती येत नाही. १९५७ पासून निष्कर्ष येऊ लागले. ज्यांचा रक्तदाब जास्त, ज्यांचे कोलेस्टेरॉल जास्त, त्यांना हृदयविकार अधिक प्रमाणात झाला होता. १९६१ साली या गटाने आपल्या निबंधात 'जोखमीचे घटक' अशा अर्थाचा शब्दप्रयोग केला, आणि तो जगभर रूढ झाला.

हा शब्द आपण नीट समजून घ्यायला हवा. क्षयाचा जंतू शरीरात गेलाच नाही, तर क्षय होणार नाही. जोखमीच्या घटकाचे तसे नसते. रक्तदाब जास्त असलेला माणूस नव्वदीपर्यंत जगू शकतो आणि रक्तदाब नेमका असलेला पन्नाशीत जाऊ शकतो. 'आमचे मामा रोज दोन पाकिटे सिगरेटी ओढायचे, तरी पंचाऐंशी वर्षे जगले', हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते, आणि ते खरेही असते. पण ते एका मामांविषयी आहे. जोखमीचा घटक हजार मामांविषयी बोलतो.

बसचा चालक आणि वाहक

त्याच सुमारास लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर दुमजली बस पाहत होते. बसमध्ये दोन कामगार असत. पगार, राहणीमान, वस्ती बरीचशी सारखी. पण चालक दिवसभर बसून असे, तर तिकिटे फाडणारा वाहक दिवसातून ५०० ते ७५० पायऱ्या चढे. मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो वाहतूक कामगारांच्या नोंदी तपासल्या आणि १९५३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. वाहकांना हृदयविकार चालकांपेक्षा कमी होत होता, झाला तर उशिरा होत होता आणि तुलनेने कमी घातक ठरत होता. टपाल खात्यात पत्रे वाटत फिरणारे पोस्टमन आणि खुर्चीत बसून काम करणारे कर्मचारी यांच्यातही असाच फरक दिसला.

आपण इथे वर्गाला थांबवून विचारावे : मग व्यायामामुळे हृदय सुरक्षित राहते, हे सिद्ध झाले का? हुशार मुले एक शंका काढतात. कदाचित मुळातच स्थूल असलेली माणसे चालकाची नोकरी पत्करत असतील आणि सडपातळ माणसे वाहकाची! मग फरक कामामुळे नव्हे, तर माणसांच्या निवडीमुळे पडला असेल. मॉरिस यांनाही ही शंका आली होती. तिची तपासणी त्यांनी मोठ्या गमतीदार साधनाने केली. लंडनच्या परिवहन सेवेकडे प्रत्येक कामगाराच्या गणवेशाची मापे होती. १९५६ साली त्यांनी विजारींच्या कमरेची मापे तपासली. चालकांच्या कमरा खरोखरच मोठ्या होत्या, आणि तरुण वयापासूनच. म्हणजे शंका अगदीच निराधार नव्हती. नोकरीला लागतानाच या दोन गटांत काही फरक असावेत, हे मान्य करावे लागले. शारीरिक हालचालीचा फायदा पुढे इतर अनेक अभ्यासांनी पक्का केला, आणि स्वतः मॉरिस नियमित व्यायाम करत ९९ वर्षे जगले. पण आपल्याच निष्कर्षाविरुद्धचा पुरावा शिंप्याच्या वहीत शोधायला जाणे, ही विज्ञानाची पद्धत मुलांना दाखवायला या गोष्टीइतके चांगले उदाहरण सापडणार नाही.

धूम्रपानाचेही असेच. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच पत्रे लिहून त्यांच्या धूम्रपानाची माहिती विचारली आणि मग त्यांच्या मृत्यूंच्या नोंदी ठेवल्या. सुमारे ३४,००० पुरुष डॉक्टरांचा हा अभ्यास पन्नास वर्षे चालला. २००४ मध्ये अंतिम आकडे आले. आयुष्यभर सिगरेट ओढणारे सरासरी दहा वर्षे आधी मरण पावले होते. ज्यांनी तिशीत सिगरेट सोडली, त्यांचे हे नुकसान जवळजवळ पूर्ण टळले होते.

लाकूडतोड्यांचा प्रांत

कारणे कळू लागली. पण कारण कळले म्हणून रोग टळतो असे नाही. ते प्रत्यक्षात करून पाहण्याचा पहिला मोठा प्रयत्न फिनलंडमध्ये झाला.

फिनलंडच्या पूर्व टोकाला, तेव्हाच्या सोव्हिएत संघाच्या सीमेला लागून उत्तर करेलिया हा प्रांत आहे. जंगले, तळी, छोटी शेते आणि त्या काळी सुमारे एक लाख ऐंशी हजार वस्ती. लोक लाकूड तोडणारे, गुरे राखणारे. बसवाहकांची गोष्ट ऐकल्यावर वाटेल, इतक्या कष्टाळू माणसांना हृदयविकार कसला होतोय! पण १९६० च्या दशकात जगात हृदयविकाराने सर्वाधिक पुरुष मरत होते ते फिनलंडमध्ये, आणि फिनलंडमध्येही या पूर्वभागात. अमेरिकेचे अँसेल कीज यांनी १९५८ पासून सात देशांतल्या सुमारे १२,७०० पुरुषांचा अभ्यास केला, त्यात पूर्व फिनलंड सर्वांत वर होते, तर ग्रीसच्या क्रीट बेटावर हृदयविकाराचे मृत्यू नगण्य होते. कीज यांनी देश कोणत्या निकषावर निवडले, यावर पुढे बरीच टीका झाली, आणि ती विचारात घ्यायलाच हवी. पण पूर्व फिनलंडमधले मृत्यू कोणाच्या निवडीमुळे झालेले नव्हते.

कारण ताटात होते. दुसऱ्या महायुद्धात करेलियाचा मोठा भाग सोव्हिएत संघाकडे गेला आणि चार लाखांवर माणसे घरे सोडून आली. विस्थापितांना आणि युद्धावरून परतलेल्या सैनिकांना सरकारने जमिनी दिल्या. त्या थंड प्रदेशात पिकणार काय? गवत. म्हणून गाई, म्हणून दूध, म्हणून लोणी. उपासमारीच्या आठवणी ताज्या असलेल्या लोकांना लोणी म्हणजे सुबत्ता वाटे. पावावर लोणी, भाजी शिजवायला लोणी, जोडीला चरबीदार डुकराचे मांस आणि भरपूर मीठ. हिरवी भाजी हे गुरांचे खाणे, अशी समजूत. युद्धात लागलेली सिगरेटची सवय होतीच. निम्म्याहून अधिक पुरुष ओढत. १९७२ मध्ये तिथल्या पुरुषांचे सरासरी कोलेस्टेरॉल दर डेसिलिटरला सुमारे २७० मिलिग्रॅम होते. आज २०० च्या आत असावे असे आपण म्हणतो. तिथे एखाद्याचे जास्त नव्हते. सगळ्यांचेच जास्त होते. त्यामुळे तेच नेहमीचे वाटत होते.

प्रत्येक घरात कोणाचे वडील, कोणाचा नवरा पन्नाशीच्या आत गेलेला. जानेवारी १९७१ मध्ये प्रांताचे राज्यपाल, तिथले खासदार आणि संस्थांचे प्रतिनिधी यांनी सह्या करून सरकारकडे अर्ज केला : काहीतरी करा. ही मागणी डॉक्टरांनी नव्हे, लोकांनी केली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्येष्ठ संशोधक मार्टी कार्वोनेन यांच्या मार्गदर्शनाखाली आखणी झाली, आणि १९७२ मध्ये काम सुरू झाले. प्रकल्पाचा प्रमुख होता पेक्का पुस्का नावाचा डॉक्टर. वय वर्षे २६.

रुग्ण की सगळे गाव?

पुस्का यांच्यापुढे दोन मार्ग होते. ज्यांना धोका फार मोठा आहे असे लोक तपासून काढायचे आणि त्यांच्यावर उपचार करायचे, हा पहिला. सगळ्या प्रांताचीच राहणी थोडी थोडी बदलायची, हा दुसरा. त्यांनी मुख्य भर दुसऱ्यावर दिला. यामागचे गणित ब्रिटिश डॉक्टर जेफ्री रोज यांनी १९८० च्या दशकात फार स्पष्टपणे मांडले. ते फळ्यावर असे करून पाहू.

समजा, एका गावात १,००० प्रौढ आहेत. त्यांतल्या ५० जणांना मोठा धोका आहे; दहा वर्षांत त्यांच्यातल्या शंभरातल्या दहांना झटका येईल. उरलेल्या ९५० जणांना मध्यम धोका आहे. त्यांच्यातल्या शंभरातल्या दोघांना येईल. आता मोजा. पहिल्या गटातून ५ रुग्ण, दुसऱ्यातून १९. म्हणजे बहुतेक रुग्ण येतात ते 'मला काही होत नाही' असे म्हणणाऱ्यांतून. (आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.) पहिल्या गटावर कितीही उत्तम उपचार केले, तरी पाचच वाचतील. दुसऱ्या गटाचा धोका निम्मा केला, तर नऊ-दहा वाचतील.

पण सगळ्या गावाची राहणी बदलणे दवाखान्यात बसून होत नाही. प्रकल्पाची माणसे गावोगाव हिंडली. गृहिणींची 'मार्था' ही १८९९ पासूनची संघटना मदतीला आली. गावात बायका जमत, कमी चरबीचे आणि जास्त भाज्यांचे जुनेच पदार्थ नव्या रीतीने रांधत, आणि सगळे मिळून जेवत. शिक्षक, पाद्री, दुकानदार, परिचारिका कामाला लागल्या. गावागावांत सिगरेट सोडण्याच्या, पुढे कोलेस्टेरॉल उतरवण्याच्या स्पर्धा लागल्या. सॉसेज बनवणाऱ्या स्थानिक कारखान्याने डुकराची चरबी कमी करून त्याऐवजी आळंबी घालून पाहिली. परिचारिका रक्तदाब मोजत आणि नोंदी ठेवत.

विरोधही झाला. दूधदुभत्यावर ज्यांचे पोट, त्यांना 'लोणी कमी खा' हे ऐकवणे सोपे नव्हते. दुग्ध व्यवसायाने प्रकल्पाविरुद्ध जोरदार बाजू मांडली. शेतकऱ्याची अडचण खरी होती, आणि नुसत्या उपदेशाने ती सुटणार नव्हती. १९८० च्या दशकात प्रकल्पाने शेतकऱ्यांना बोरवर्गीय फळांच्या लागवडीसाठी मदत केली. फिनलंडच्या थंडीत तग धरणारी मोहरीवर्गीय तेलबियांची वाणे उपलब्ध झाली आणि देशी खाद्यतेल लोण्याची जागा घेऊ लागले. १९७६ मध्ये तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा झाला. १९७७ पासून प्रकल्पाचे धडे साऱ्या देशात वापरले जाऊ लागले, आणि पुढे दूरदर्शनवर धूम्रपान सोडण्याचे कार्यक्रम सुरू झाले.

परिणाम काय झाला? ३५ ते ६४ वयाच्या पुरुषांमध्ये दर लाखामागे हृदयविकाराचे वार्षिक मृत्यू १९७० च्या सुमारास साधारण ६४० होते. २०१२ पर्यंत ते १२० च्या आत आले. म्हणजे ८२ टक्के घट. स्त्रियांमध्येही घट इतकीच मोठी. पुरुषांचे सरासरी कोलेस्टेरॉल २७० वरून सुमारे २१० वर आले.

तुलनेचा गटच नाहीसा होतो

इथे टाळ्या वाजवून थांबता आले असते. पण विज्ञान शिकवणाऱ्याने एक प्रश्न विचारलाच पाहिजे : हे प्रकल्पामुळेच झाले कशावरून?

प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गट लागतो, हे संशोधकांना ठाऊक होते. त्यांनी शेजारचा क्वोपिओ प्रांत तुलनेसाठी घेतला होता. पहिल्या काही वर्षांत उत्तर करेलिया पुढे होता. पण लवकरच क्वोपिओतही सिगरेटी कमी झाल्या, कोलेस्टेरॉल उतरले, मृत्यू घटले. वर्तमानपत्रे, दूरदर्शन, कायदे प्रांताच्या वेशीवर थांबत नाहीत. शेजारणीची नवी पाककृती तर मुळीच थांबत नाही.

याचे दोन अर्थ लावले गेले. टीकाकार म्हणाले, मृत्यू तसेही घटणारच होते. अमेरिकेत असा प्रकल्प नसतानाही १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून हृदयविकाराचे मृत्यू उतरू लागले होते. प्रकल्पाची माणसे म्हणाली, क्वोपिओ बदलला तो आमच्यामुळेच. साऱ्या देशाने आमचे अनुकरण केले. केवळ दोन प्रांतांच्या तुलनेवरून हा वाद मिटत नाही. मग दुसऱ्या वाटेने पाहावे लागते. तिथले रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान जितके बदलले, तितक्या बदलाने मृत्यू किती घटायला हवेत, याचा हिशेब करता येतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अशा हिशेबात दिसले, की पहिल्या दहा वर्षांतली जवळजवळ सगळी घट या तीन घटकांनी समजावता येते. अभ्यासाच्या शेवटच्या दहा वर्षांत त्यांचा वाटा सुमारे दोन तृतीयांश राहिला. उरलेली घट नव्या उपचारांमुळे झाली असावी. म्हणजे श्रेय कोणाचे यावर वाद राहील, पण राहणी बदलली आणि म्हणून माणसे वाचली, हे मानायला भक्कम आधार आहे.

'श्रीमंतांचे रोग' हे नाव

या रोगांना आपल्याकडे सहज 'श्रीमंतांचे रोग' म्हटले जाते. श्रीमंत देशांत ते आधी वाढले, म्हणून हे नाव पडले असावे. पण त्या देशांच्या आत डोकावले तर चित्र उलटे दिसते. १९६७ मध्ये लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या सुमारे १८,००० पुरुष कर्मचाऱ्यांचा अभ्यास सुरू झाला. व्हाइटहॉल अभ्यास म्हणून तो ओळखला जातो. सर्वांनाच वाटे, की मोठ्या जबाबदारीच्या साहेबांना हृदयविकार जास्त होत असेल. निघाले भलतेच. सर्वांत खालच्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांत हृदयविकाराचे मृत्यू सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट होते. खालच्या श्रेणीत सिगरेट ओढणारे अधिक होते हे खरे, पण धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब केल्यावरही निम्म्याहून अधिक फरक शिल्लक राहत होता. कामावर किती हुकमत आहे, पगार किती, घर कसे, बालपण कसे गेले, अशा गोष्टींकडे संशोधकांना वळावे लागले.

म्हणून 'ज्याने त्याने आपली जीभ सांभाळावी' एवढेच सांगून भागत नाही. करेलियातल्या लाकूडतोड्याने लोणी खाल्ले, कारण त्याच्या शेतात गवत उगवत होते आणि दुकानात दुसरे काही नव्हते.

आजही हे ओझे श्रीमंत देशांवरून उतरलेले नाही. हृदयविकाराचे अकाली मृत्यू तिथे खूप घटले, माणसे जास्त जगू लागली, पण मधुमेह, कर्करोग, स्मृतिभ्रंश अशा दीर्घकाळ सोबत करणाऱ्या रोगांसह. अमेरिकेत दहा प्रौढांपैकी चारांहून अधिक स्थूल आहेत. आणि हे ओझे आता श्रीमंतांपुरते राहिलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०२१ मध्ये असांसर्गिक रोगांनी किमान ४ कोटी ३० लाख माणसे दगावली. त्यांतली १ कोटी ८० लाख सत्तरीच्या आत गेली, आणि या अकाली मृत्यूंपैकी ८२ टक्के मृत्यू कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले. आपला देश याच गटात मोडतो. ज्या वाटेने फिनलंड पन्नास वर्षांपूर्वी चालला, त्या वाटेवर आता आपल्या गावातले आजोबा आहेत, आणि मागोमाग त्यांचा मुलगा.

तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलाला काय सांगावे? त्याचा जंतू नाही, कारणे अनेक आहेत. काही आजोबांच्या हातात होती, काही नव्हती. आणि एकट्या आजोबांकडे पाहून ती कळत नाहीत, हजारो माणसांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवाव्या लागतात. एवढे सांगून झाल्यावर वर्गाला एक काम द्यावे. शाळेच्या फाटकापासून शंभर पावलांच्या आत काय काय विकायला आहे, त्याची मुलांनी यादी करावी : तळलेले किती, गोड पेये किती, तंबाखूच्या पुड्या किती, फळे किती, आणि प्रत्येकाची किंमत काय. यादी फळ्यावर लिहावी, आणि यातले काय बदलणे कोणाच्या हातात आहे, यावर वर्गात बोलावे. उत्तर करेलियातल्या कामाची सुरुवातही आधी अशाच मोजणीने झाली होती.